श्री कोणाची?

‘अश्लील’ हा शब्द मूळच्या ‘अश्रील’पासून झाला, असे व्युत्पत्तिकार सांगतात, ज्यात श्री नाही ते अश्लील. ही श्री नेमकी कोणाची, हा प्रश्न मला बराच काळ छळत आला आहे. १८६८ साली इंग्लंडमधील हिकलिन खटल्यात अश्लीलतेची जी कसोटी ठरली, ती आपल्या न्यायालयांनीही दीर्घकाळ मानली. तिच्यात विचार होता तो वाचणाऱ्या-पाहणाऱ्याच्या मनाचा. ते भ्रष्ट होते की काय, एवढाच. अश्लीलतेच्या आरोपाखालीच र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’वर खटले झाले आणि १९३४ साली डॉ. आंबेडकरांनी वकीलपत्र घेऊनही कर्व्यांना दंड भरावा लागला. तेव्हा अश्लीलतेविरुद्ध कोणी आवाज चढवला की मराठी वाचकाच्या मनात आधी शंका येते, आणि ती रास्तच आहे.

तरीही ऐंशीच्या दशकात आम्ही काही जणी चित्रपटांच्या भित्तिपत्रकांना डांबर फासत हिंडलो. एकदा एक गृहस्थ थांबून म्हणाले, “बरं करताय, बाई. आमच्या मुलांवर फार वाईट परिणाम होतात याचे.” त्यांचा पाठिंबा मनापासून होता. त्या चित्रातल्या बाईविषयी मात्र त्यांना काहीच म्हणायचे नव्हते. अशा माणसाशी वाद तरी काय घालणार?

म्हणूनच मिनिआपोलिस या अमेरिकी शहराच्या नगर परिषदेपुढे डिसेंबर १९८३मध्ये झालेल्या सुनावणीचा वृत्तान्त वाचताना मी थबकले. अँड्रिया ड्वॉर्किन आणि कॅथरीन मॅकिनन यांनी तयार केलेल्या मसुद्यात श्लील-अश्लीलाचा घोळच नव्हता. पोर्नोग्राफी हा स्त्रीच्या नागरी हक्कांचा भंग आहे आणि जिचे नुकसान झाले तिने स्वतः दिवाणी दावा लावून भरपाई मागावी, अशी ती मांडणी होती. दंडुका पोलिसाच्या हाती नव्हता. फिर्याद बाईच्या हाती होती. साक्ष देणाऱ्यांत लिंडा मार्कियानो होती. ‘लिंडा लव्हलेस’ या नावाने १९७२च्या एका चित्रपटातून ती जगाला ठाऊक झाली होती. नवऱ्याने मारहाण करून, बंदुकीच्या धाकाने आपल्याकडून हे करवून घेतले, असे तिने १९८०च्या आत्मकथनात लिहिले, तेव्हा विश्वास न ठेवणारेच पुष्कळ निघाले. इथे मात्र इतर बायाही आपापली हकीकत सांगायला उभ्या राहिल्या.

महापौरांनी नकाराधिकार वापरला. इंडियानापोलिसने १९८४ साली तसाच कायदा केला, तो सनातनी मंडळींच्या हातभाराने. म्हणजे आमचे ते गृहस्थ तिथेही होतेच. विरोधकांत बेटी फ्रीडन, एड्रिएन रिच अशा स्त्रीवादीही होत्या. उद्या हेच हत्यार आपल्या पुस्तकांवर चालेल, ही त्यांची भीती, कर्व्यांची आठवण असलेल्या मला परकी वाटत नाही. १९८५ साली अपील न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. अशा चित्रणाने स्त्रीचे दुय्यमत्व टिकते हे न्यायमूर्तींनी मान्य केले, आणि हीच तर अभिव्यक्तीची ताकद, असेही म्हटले! जिंकणाऱ्यांनी यावर किती आनंद मानावा, ते त्यांनीच ठरवावे.

आपल्याकडे स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला प्रतिबंध करणारा कायदा १९८६ साली झाला. त्याच्या व्याख्येत स्त्रीची मानखंडना आणि सार्वजनिक नीतिमत्तेची हानी एकाच वाक्यात शेजारी शेजारी नांदतात. शिक्षा आहे, दंड आहे; चित्रातल्या बाईने भरपाई मागावी, अशी वाट त्यात नाही.

लिंडाने पुढे एक खंत बोलून दाखवली. ड्वॉर्किन-मॅकिनन यांच्या पुस्तकांतून आपले नाव येत राहिले, पण पैशाची मदत कधी झाली नाही, असे ती म्हणाली. चळवळीतल्या मैत्रिणींना हे वाक्य बोचते, आणि तिच्यावर अविश्वास दाखवणारे ते आनंदाने उद्धृत करतात. मला ते तिच्या साक्षीइतकेच खरे वाटते. २००२ साली मोटार अपघातानंतर ती वारली.