अम्मीचा निकाहनामा आणि माळ्यावरचा स्कॅनर

अब्बांच्या इंतकालानंतर अम्मीच्या कुटुंब निवृत्तीवेतनाचं काम निघालं. सेवापुस्तकातलं अम्मीचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका अक्षराचा आणि मागच्या 'बी'चा फरक. अशा एका अक्षरापायी आपल्याकडे किती चपला झिजतात, ते वाचकांना सांगायला नको. विवाहाचा पुरावा म्हणून १९६८चा निकाहनामा हवा होता.

तो ट्रंकेत होता, चार घड्यांचा. घड्यांवर कागद इतका विरला होता की उचलला तर हातात चार तुकडे आले असते. मोबाइलनं फोटो काढला, पण घडीची सावली नेमकी काझीसाहेबांच्या शिक्क्यावर पडायची. झेरॉक्सवाल्याकडे तो न्यायची हिंमत होईना.

मग माळ्यावरचा वीस वर्षांपूर्वीचा फ्लॅटबेड स्कॅनर आठवला. त्याचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीच्या जमान्यातला, ३२ बिटचा. आजच्या ६४ बिट विंडोजवर तो चालत नाही. कंपनीनं कधीच हात झटकले होते. यंत्र धडधाकट, पण त्याच्याशी बोलणारं कोणी उरलं नव्हतं.

जुन्या लॅपटॉपवर लिनक्स होतं. लिनक्सवर स्कॅनर चालतात ते 'सेन' या मुक्त प्रकल्पाच्या ड्रायव्हरांवर. त्यांच्या यादीत माझं मॉडेल 'असमर्थित' निघालं. मात्र यूएसबीची उपकरणं दाखवणारा आदेश दिला, तर स्कॅनरचा क्रमांक स्वच्छ दिसला: चार अक्षरं बनवणाऱ्याची, चार मॉडेलची. शोधता शोधता कळलं की आतली चिप तीच, जी दुसऱ्या नावाच्या, चालणाऱ्या स्कॅनरांमध्ये आहे. बाजारात असं फार चालतं. माल एकच, पाटी वेगळी.

या चिपच्या ड्रायव्हरची 'जीटी६८एक्सएक्स' नावाची सेटिंगची फाइल असते. तिच्यात माझ्या स्कॅनरचा क्रमांक लिहिला आणि खाली लिहिलं की याला त्या भावंडासारखं वागव. एवढ्यानं भागत नाही. या स्कॅनरांना स्वतःची स्मरणशक्ती नसते. वीज गेली की सगळं विसरतात आणि दर वेळी फर्मवेअर नव्याने भरवावं लागतं. ती फाइल कंपनीच्या मालकीची, म्हणून 'सेन'वाले ती वाटू शकत नाहीत. माझ्याकडे मूळ सीडी होती. अब्बा कुठलीच गोष्ट फेकू देत नसत, तिचं खोकंसुद्धा. सीडीतून फाइल काढून जागेवर ठेवली.

ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात इशारा होता, की विचित्र आवाज आला तर लगेच प्लग उपटा. पहिल्याच प्रयत्नात 'कर्र्र' असा आवाज झाला. मी प्लग उपटला आणि बसून राहिलो, वाटलं मोडला. मग स्कॅनर उलटा केला तर तळाला कुलपाची खिटी. घर बदलताना मीच ती लावली होती! खिटी सरकवली. दिवा हळूहळू पुढे सरकत गेला. पण फक्त रूटच्या अधिकारानं. साध्या वापरकर्त्याला परवानगी द्यायला एक नियमाची फाइल लिहावी लागली, त्यात आणखी एक संध्याकाळ गेली.

निकाहनामा काचेवर ठेवताना अम्मी बाजूला उभी राहून दुआ पुटपुटत होती. ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन केला, सुमारे १०० एमबीची फाइल झाली. शिक्का वाचता आला. अम्मीचं नाव मात्र मला वाचता येईना. निकाहनामा उर्दूत, आणि माझी सगळी शाळा मराठीत झालेली. पडद्यावर अक्षरं मोठी केली, तशी अम्मी चष्मा सारखा करून वाचू लागली. नावात 'बी' होती, सेवापुस्तकासारखीच. मग ती खालच्या ओळीवर थांबली.

"मेहर पाचसौ पच्चीस," ती म्हणाली. "आधे दिये थे तेरे अब्बा."

"आणि बाकीचे?"

"मयत के दिन सब औरतां बोले, माफ कर दे. मैं कर दी." थोडा वेळ ती पडद्याकडेच बघत होती. "पन उनो खुद पूछते तो अच्छा लगता."

मी फाइलच्या दोन प्रती केल्या. कागद परत मलमलच्या फडक्यात गुंडाळला. स्कॅनर मात्र माळ्यावर गेला नाही. ट्रंकेत अजून अब्बांच्या वह्या आहेत.