पदार्थाला धरून मसाला

माझ्याकडे गोडा मसाला न्यायला येणाऱ्या बायका पूर्वी विचारायच्या, यंदा खोबरं कितपत भाजलंय, रंग किती काळा आलाय. 2020 नंतर प्रश्न बदलला. ‘ताई, यात प्रतिकारशक्तीसाठी काय काय आहे?’ त्या वर्षी आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुकांचा काढा सुचवला आणि घरोघरी मसाल्याच्या डब्यात औषध शोधणं सुरू झालं. मला हा प्रश्न आवडतो, कारण विचारणारीला घरच्यांची काळजी असते. उत्तर मात्र मी दुसऱ्या टोकापासून देते. आपल्या स्वयंपाकात मसाल्यांच्या जोड्या आजाराला धरून कमी आणि पदार्थाला धरून जास्त बसल्या आहेत. वालाला हिंग-ओवा, आमरसाला सुंठ, पुरणाला जायफळ-वेलदोडा, बांगड्याला तिरफळं. ताटात काय वाढलंय ते आधी बघावं, मग मसाल्याचा गुण कळतो.

हिंगाचंच घ्या. कडधान्यांत रॅफिनोजसारख्या काही साखरा असतात आणि त्या फोडणारं पाचकद्रव्य आपल्या आतड्यात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि पोटात वायू धरतो. कडधान्य भिजवून वरचं पाणी टाकलं, मोड आणले, की या साखरा बऱ्याच कमी होतात. राहिलेलं काम हिंग, जिरं आणि ओव्याकडे. वैद्यांच्या हिंग्वाष्टक चूर्णात सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा, सैंधव, दोन्ही जिरी आणि हिंग असतो, आणि ते घ्यायचं कसं, तर तूप घालून भाताच्या पहिल्या घासाबरोबर. औषध म्हणून बांधलेलं हे चूर्णसुद्धा शेवटी जेवणातच येऊन बसतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मसाल्यासाठी मी खडा हिंग घेते. पुडीतल्या हिंगात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. रोजच्या फोडणीला तो बरा, पण मसाल्यात जोर येत नाही. मंद आचेवरच्या तेलात हरभऱ्याएवढा खडा सोडला की थोडा वेळ काहीच होत नाही. मग कडेने बारीक बुडबुडे येतात, खडा फुगायला लागतो, बदामी होतो. गार झाल्यावर चिमटीत दाबला की चुरा व्हायला हवा. आत चिकट राहिला तर कांडताना त्याची गोळी होते आणि सगळा वास एकाच जागी बसतो. त्याच तेलात मग लवंग, मिरी, दालचिनी, वेलदोडे. दगडफूल आणि नागकेशर अगदी शेवटी, कारण पळभर नजर हटली की जळून कडू होतात. तीळ आणि खोबरं कोरडंच भाजायचं. दालचिनी, तमालपत्र, वेलची आणि नागकेशर या चौघांना आयुर्वेदात चतुर्जात म्हणतात. ते चौघेही गोड्या मसाल्यात एकत्र आहेत. ज्या कुणी बायकांनी हा मसाला बसवला त्यांच्या हाताला हे कुठून आलं असेल, याचं मला दरवर्षी भाजताना नवल वाटतं.

हळद-मिरीच्या जोडीबद्दल सगळेच विचारतात. बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग त्यामागे आहे. 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिरीतलं 20 मिलिग्रॅम पाइपरिन दिलं, तर माणसाच्या रक्तात कर्क्युमिन कितीतरी पटींनी जास्त उतरलं. एरवी आतडं आणि यकृत ते झटकन निकामी करून बाहेर टाकतात. पाइपरिन त्या कामाला लगाम घालतं. पण हिशोब बघा. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. म्हणजे 2 ग्रॅमसाठी साठ-सत्तर ग्रॅम हळद लागेल, आणि चौघांच्या आमटीत आपण घालतो अर्धा चमचा. म्हणून आमटीच्या वाटीकडून गोळीच्या गुणाची अपेक्षा धरू नये. तरीही जोडी खरी आहे. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, त्याला स्निग्ध लागतं. गरम तेलात हळद आणि वर मसाल्यातली मिरी, ही आपली रोजची रीत त्याला नेमकी सोयीची आहे.

रोजच्या प्रमाणात मसाला काय करतो, याचा सर्वांत पटणारा शोध मला म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या कामात दिसतो. तिथल्या उंदरांवरच्या प्रयोगांत जिरं, हळद, मिरची, आलं यांनी पित्तरस आणि पाचकरस वाढताना दिसले. तिथेच आणखी एक गोष्ट तपासली गेली. धान्य-कडधान्याबरोबर कांदा-लसूण असेल तर त्यातलं लोह आणि जस्त पचनात जास्त सुटं होतं. भाकरी, कांदा आणि लसणीची चटणी हे ज्यांचं भर उन्हातलं जेवण आहे, त्यांच्या ताटाचा मान यामुळे माझ्या मनात आणखी वाढला.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र मी स्पष्ट बोलते. पाइपरिन हळदीसारखंच काही औषधांनाही रक्तात जास्त वेळ रेंगाळायला लावतं. रक्त पातळ करणाऱ्या किंवा फेफऱ्याच्या गोळ्या चालू असतील त्यांनी भाजीतली हळद-मिरी खुशाल खावी, पण अर्काच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. काढ्याचंही तसंच. जाड सालीच्या, बाजारात सर्रास मिळणाऱ्या दालचिनीत कूमरिन असतं, आणि ते रोज भरपूर पोटात गेलं तर यकृताला त्रास होऊ शकतो. श्रीलंकेची पातळ, पदरापदरांची दालचिनी त्या मानाने निर्धोक. मसाल्यात दोन्ही चालतात, कारण तिथे ती चिमटीच्या हिशोबाने पडते; रोजच्या काढ्याला मी पातळच सांगते.

आणि एका वेळी पाव किलोच्या वर मसाला मी कुणाला देत नाही. वर्षाचा एकदम मागणाऱ्या पुष्कळ असतात. पण कांडलेल्या मसाल्यातली उडून जाणारी तेलं हीच त्याची चव आणि हाच त्याचा गुण. दोन महिन्यांत संपेल एवढाच न्या, काचेच्या बरणीत भरा, शेगडीपासून लांब ठेवा. संपला की फोन करा, ताजा भाजून देते.