चार नंबर

गिटारच्या पुस्तकात तिला नाव नाही, आकडा आहे. डाव्या हाताची तर्जनी एक, मधलं बोट दोन, अनामिका तीन आणि करंगळी चार. अंगठा दांडीच्या मागे टेकू देऊन उभा असतो, त्याला नंबरच मिळत नाही. पियानोवाले अंगठ्यापासून मोजतात, त्यामुळे त्यांच्याकडे हीच करंगळी पाच नंबरची होते. मोजणी कुठूनही सुरू करा, हिचा नंबर शेवटचा.

घरातल्या शेंडेफळाचं होतं तेच हिचं झालेलं आहे. लहानपणापासून कुणी कामालाच लावली नाही. गंध लावायला अनामिका, दटावायला तर्जनी, चुटकी वाजवायला मधलं बोट. हिच्या वाट्याला कान खाजवणं, आणि शाळेत बाईंना न बोलता ‘जाऊ का?’ विचारणं. चहाचा कप बाकीच्यांनी धरलेला असतो तेव्हा ही बाजूला हवेत. काही हौशी मंडळी तिचं नख वाढवतात. तो तिचा एकुलता एक दागिना, आणि गिटारच्या क्लासात सर पहिल्याच दिवशी तो उतरवायला लावतात. त्यात त्यांचा आकस नसतो. नख वाढलेलं बोट तारेवर उभं राहत नाही, कलंडतं. आणि कलंडलेलं बोट शेजारच्या तारेचा आवाज बंद करतं.

आपल्याकडच्या वाद्यांनीही तिला फारसं विचारलेलं नाही. सतारीवर डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मिळून जवळजवळ सगळा कारभार बघतात. सहा भोकांच्या बासरीला दोन्ही हातांची तीन-तीन बोटं पुरतात. म्हणजे चार-सहा वर्षं सतार किंवा बासरी केलेला माणूस गिटार हातात घेतो तेव्हा बाकीची बोटं अनुभवी असतात आणि ही मात्र कोरी पाटी.

नव्या विद्यार्थ्याच्या हाताकडे दोन मिनिटं बघत बसा, हिचा स्वभाव कळतो. एक, दोन, तीन तारेवर असतात तेव्हा ही एक तर ताठ उभी, नाही तर तळहातात मिटलेली. आपली पाळी कधी येणार याकडे लक्ष नाही. पाळी आली की दचकते, दोन इंचांवरून धावत येते, आणि उशीर झाला म्हणून गरजेपेक्षा दुप्पट जोर लावते. तार दाबली जाते, पण फ्रेटच्या पट्टीपासून लांब, मधेच कुठेतरी. मग तार झणझणते. लोक म्हणतात, करंगळी कमजोर आहे. आणि बाजारातून ती स्प्रिंगची यंत्रं आणतात, बोटांनी दाबायची.

मला हे ‘कमजोर’ प्रकरण मुळात पटत नाही. भरलेली बादली उचला, कोयता धरा, आणि मग करंगळी सैल सोडून बघा. मूठ किती ढिली पडते ते लगेच कळेल. बोटांत तशी कुणाच्याच ताकद नसते. त्यांना वाकवणारे मोठे स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातात असतात आणि तिथून दोऱ्या ओढाव्यात तशी बोटं ओढली जातात. हिला मात्र खास वतन आहे: तळहाताची बाहेरची मांसल कड म्हणजे तिचे स्वतःचे तीन छोटे स्नायू. वर उचलण्यासाठीही तिला स्वतंत्र स्नायू आहे. एवढी मिळकत अनामिकेकडे नाही.

खरी परावलंबी आहे ती अनामिका. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट दुमडून आत घ्या आणि आता अनामिका उचलून दाखवा. उचलत नाही. हाताच्या पाठीवर तिची शीर शेजारणींच्या शिरांना आडव्या पट्ट्यांनी बांधलेली असते, त्यामुळे तिला एकटीला हलता येत नाही. आत वाकतानाही मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांचा खोलवरचा स्नायू बराचसा सामाईक आहे. तर्जनी तेवढी सुटवंग. तीन आणि चार यांच्यात रखडपट्टी होते तेव्हा नाव करंगळीचं खराब होतं, आणि पुष्कळदा तिचा पदर तिसरीने धरून ठेवलेला असतो. दोघींची नसही एक. कोपर दारावर आपटलं की झिणझिण्या करंगळीत आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात जातात, त्या याच नसेमुळे.

तेव्हा हिला तालमीत ताकद मिळवायची नसते. धांदल सोडायची असते.

त्यासाठी चांगला शिक्षक आधी तिची जागा बदलतो. नेहमीच्या क्लासिकल गिटारची तार ६५० मिलिमीटर लांब असते. अगदी टोकाला, पहिल्या चार फ्रेटांवर चार बोटं बसवायची तर तिथे सुमारे १३४ मिलिमीटर अंतर व्यापावं लागतं. पाचव्या ते आठव्या फ्रेटवर तेच काम १०६ मध्ये होतं. नवशिक्याला पहिल्या फ्रेटपासून सुरुवात करायला लावणं म्हणजे लहान मुलीला पहिल्याच दिवशी मोठ्यांच्या ढांगा टाकायला लावणं. पाचव्यावर बसवली की ती निमूट बसते, मग आठवडा-पंधरा दिवसांनी एकेक फ्रेट खाली.

मग सुरू होतो तो व्यायाम, ज्याला सगळे ‘स्पायडर’ म्हणतात: एक-दोन-तीन-चार, पुढच्या तारेवर पुन्हा एक-दोन-तीन-चार. हा क्रम सगळ्यांना येतो आणि सगळे त्यावरच थांबतात. पण चार बोटांचे क्रम चोवीस होतात, आणि त्यातल्या निम्म्यांत तीन आणि चार पाठोपाठ येतात. खरी गोम तिथे आहे. चार-तीन-दोन-एक हे सोपं. एक-चार-तीन-दोन वाजवायला घ्या म्हणजे हिचा आणि अनामिकेचा जुना तंटा ऐकू येईल. मेट्रोनोम ६० वर, एका टोल्याला एक सूर. इतक्या संथ लयीत वाजवणं तरुण मुलांना अपमानास्पद वाटतं. वाटू दे. १२० वर जे लपतं ते ६० वर उघडं पडतं.

यात ऐकण्यापेक्षा बघायचं जास्त असतं. आपली पाळी नसताना ती तारेपासून किती उंच जाते? अर्ध्या बोटाएवढी उंची राहिली तर उत्तम. एकची पाळी संपली तरी एकने उठायची घाई करायची नाही. दोन, तीन, चार येईपर्यंत बसून राहायचं. आणि जोराचा हिशोब करायचा असेल तर तिला तारेवर नुसती टेकवावी, दाब न देता. तार मुकी वाजते. मग थेंबाथेंबाने दाब वाढवावा. सूर स्वच्छ झाला की थांबावं. जिथे थांबलो तेवढाच तिचा खरा खर्च. बहुतेकांना तो आकडा बघून धक्का बसतो, कारण इतके दिवस त्याच्या कितीतरी पट उधळपट्टी चाललेली असते. फ्रेटच्या पट्टीला अगदी खेटून दाबलं तर तो आणखी खाली येतो. हाताच्या वरच्या भागात कळ यायला लागली तर वाद्य खाली ठेवावं. कळ सोसून वाजवणं ही मर्दुमकी नव्हे.

दुसरी भानगड उजव्या हाताची. डावीकडे ती वेळेवर आली, पण पिक तिच्या आधी पडलं, तर सुराऐवजी ‘टक्’ असा लाकडी आवाज येतो. तिने तार धरणं आणि उजव्याने तार छेडणं यांची गाठ एका क्षणात पडावी लागते, आणि ती क्षणभर आधी आलेली चालते, नंतर आलेली चालत नाही. वेग वाढवताना जी गडबड होते ती सहसा या गाठीची असते. बोटं मंद आहेत असा उगाच ग्रह होतो.

उजव्या हातात तिची जुळी बहीण असते. तिची कहाणी आणखी वेगळी. जुन्या काळचे ल्यूटवादक तिला वाद्याच्या पाटावर टेकवून ठेवत, हात स्थिर राहावा म्हणून. माउरो जूलियानीने १८१२ च्या आपल्या ओपस १ मध्ये उजव्या हातासाठी १२० अभ्यास लिहिले; अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका सगळ्यांना घाम फुटतो, आणि ही बघत उभी. फ्लामेंकोवाल्यांनी मात्र तिला मान दिला: बोटं पंख्यासारखी उलगडत सगळ्या तारांवरून झरझर नेतात, त्या रास्गेआदोमध्ये पुष्कळदा पहिलं पाऊल हिचं. इलेक्ट्रिक गिटारवर ती आवाजाचं बटण फिरवते. असो. डावीकडची बहीण कष्टाळू म्हणून आपण तिच्याकडेच परत येऊ.

तिला नोकरी लागते ती बहुधा बी-सेव्हन कॉर्डमध्ये, पहिल्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. जी कॉर्डमध्ये तिला घ्यायचं की नाही यावर शिक्षकांत दोन तट आहेत. मी तिला घेणाऱ्यांच्या बाजूचा. पहिल्या तारेवर ही बसली की मधलं बोट पाचव्या तारेवर आणि अनामिका सहाव्यावर जाते, आणि तिथून सी लावताना ती दोघं जशीच्या तशी एकेक तार खाली सरकतात. जी आणि सी शेजारीशेजारी नाहीत अशी गाणी शोधावी लागतात, त्यामुळे ही सोय लहान नाही. रॉक अँड रोलमध्ये तिला ओव्हरटाइम. चक बेरीच्या धाटणीची ती धावती साथ वाजवायची तर तर्जनी पाचव्या फ्रेटवर रोवून हिला थेट नवव्यापर्यंत ताणावं लागतं, आणि तेही एकदा नव्हे, गाणं संपेपर्यंत दर मात्रेआड. ब्लूजमध्ये याच्या उलट. तिथे अंगठा दांडीवरून डोकावतो, हात तिरका होतो, तारा ओढायचं काम तिघं मिळून करतात, आणि हिला बऱ्याचदा काचेची किंवा धातूची नळी घालून स्लाइड वाजवायला बसवतात. बाकीची बोटं कॉर्डला मोकळी राहावीत म्हणून.

आणि मग गिटारवादक जँगो राइनहार्ट. बेल्जियममध्ये १९१० साली जन्मलेला, रोमा लोकांच्या तांड्यातला. १९२८ मध्ये त्याच्या राहत्या गाडीला आग लागली. बायकोने विकायला केलेली सेल्युलॉइडची फुलं आत होती, ती क्षणात पेटली. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी भाजून आखडली. सहा वर्षांनी पॅरिसमध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीबरोबर त्याचा पंचक-वृंद उभा राहिला, आणि त्यातले सगळे भरधाव एकल तुकडे तो दोन बोटांनी वाजवायचा. आखडलेल्या दोघी कॉर्डच्या वेळी वरच्या बारीक तारांवर कशाबशा टेकायच्या, तेवढ्यापुरत्याच.

करंगळीला कंटाळलेला एक तरी विद्यार्थी प्रत्येक क्लासात असतो आणि त्याला जँगोची ही गोष्ट पाठ असते. दोन बोटांवर त्याचं भागलं, मग माझं तीनवर का नाही, असं तो विचारतो. सर वाद घालत नाहीत. “बरं,” म्हणतात, “सी लाव. लावलास? आता सी-सेव्हन.” सी कॉर्डमध्ये तीन बोटं आपापल्या तारांवर आधीच अडकलेली असतात. तिसऱ्या तारेचा तिसरा फ्रेट रिकामा, आणि रिकामी एकटी हीच.