नियम माझा, उपास तिचा



गेल्या जानेवारीत मी आणि माझी शाळेपासूनची मैत्रीण, अशा दोघीच सहा दिवस थायलंडला जाऊन आलो. टूर कंपनी नाही, घरचं कुणी सोबत नाही, आणि खर्च दोघींच्या पेन्शनला झेपेल एवढाच. परत आल्यापासून सगळ्यांचा एकच प्रश्न: "अगं, पण तू खाल्लंस काय?" म्हणून आधी तेच सांगते, मग मला जे खरं सांगायचंय ते.

बारा वर्षांपूर्वी चातुर्मासात महाराजांसमोर मी नियम घेतला. कंदमूळ नाही, आणि सूर्यास्तानंतर पाण्याशिवाय काही नाही. बऱ्याच जणी प्रवासाची सूट ठेवतात. मी ठेवली नाही. खोटं कशाला बोलू, त्याचा मला थोडा अभिमानही होता. मैत्रीण शाकाहारी, पण जैन नाही. कांदा-बटाट्याशिवाय तिचं पान हलत नाही, आणि रात्री नऊच्या आत ती कधी जेवलेली नाही.

माझ्या बॅगेत दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, मुगाचे लाडू, चुरमुऱ्यांचा चिवडा, विजेची छोटी किटली आणि पाणी गाळायचं कापड. कपडे कमी आणि डबे जास्त. मैत्रीण म्हणाली, "सहल आहे की मुंज?"

पण तिथे गेल्यावर एक आनंदाचा धक्का बसला. बँकॉकमध्ये काही खाण्याच्या गाड्यांवर पिवळी पताका असते, आणि तिच्यावर लाल रंगात इंग्रजी सतराच्या आकड्यासारखं दिसणारं एक अक्षर. त्याचा उच्चार 'जे'. तिथे मांस, मासे, अंडं, दूध तर नाहीच, पण कांदा-लसूणही नाही! चिनी बौद्धांची ही पद्धत. गाजर-मुळा मात्र चालतो, त्यामुळे तो बोट दाखवून वगळायला सांगावा लागतो. साध्या शाकाहाराला थाई भाषेत जो शब्द आहे, तो कानाला 'मांगसविरात' असा ऐकू येतो. नीट ऐकला तर तो आपला 'मांस-विरति'च आहे. पण नुसतं तेवढं सांगून आपलं भागत नाही, कारण त्यात कांदा-लसूण, अंडं येऊ शकतं. शिवाय माशाचा रस तिथे मिठासारखा वापरतात. त्यामुळे जाणार असाल तर पिवळी पताका शोधा.

फिरणंही स्वस्तात जमतं. भारतीयांना व्हिसा लागला नाही. बाहत तेव्हा साधारण अडीच रुपयांचा होता. नदीवरच्या नारिंगी झेंड्याच्या बोटीचं तिकीट तेव्हा सोळा बाहत होतं, आणि तेवढ्यात अर्धं शहर बघून झालं. राजवाड्याला माणशी पाचशे बाहत होते म्हणून तो आम्ही बाहेरूनच पाहिला. वाट फो मंदिराला मात्र तीनशे दिले. तिथली पहुडलेली बुद्धमूर्ती ४६ मीटर लांब आहे. तळपायांवर शिंपल्यांच्या जडावात १०८ मंगलचिन्हं, आणि भिंतीकडेने १०८ काशाची भांडी. लोक एकेका भांड्यात नाणं टाकत जातात. तो टणटण आवाज ऐकताना मला आपली जपमाळच आठवली.

रोज संध्याकाळी साडेपाचच्या आत मला जेवायला लागायचं, कारण सहाच्या सुमारास तिथे सूर्य मावळतो. जिथे असू तिथून आम्ही चारला परत फिरायचो. बोटीने वेळ होणार असेल तर टॅक्सी. खोलीवर येऊन मी दशमी-चटणी खायची आणि मग सामायिकाला बसायची. "तू काय घेणार?" असं विचारलं की मैत्रीण म्हणायची, "दुपारचंच पोटात आहे गं." मी विश्वास ठेवला. मला वाटलं, बरं झालं, हिलाही सवय लागतेय.

गेस्ट हाउसच्या मालकीणबाईंना मी संध्याकाळनंतर खात नाही हे खुणांनी सांगितलं, तेव्हा त्यांनी हात जोडले. तिथले भिक्षू दुपारी बारानंतर जेवत नाहीत, त्यामुळे असं व्रत त्यांना समजावून सांगावं लागत नाही. मला फार बरं वाटलं. परदेशात आपला मान राहिला, असं.

चौथ्या दिवशी अयुथ्थयाला गेलो. बँकॉकच्या उत्तरेला सुमारे ऐंशी किलोमीटर. साध्या डब्याचं तिकीट तेव्हा वीस बाहत होतं. ही चारशे वर्षांची राजधानी १७६७ मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने जाळली. अजून तिथे ओळीने बिनशिराच्या मूर्ती बसलेल्या आहेत. एका झाडाच्या मुळांनी बुद्धाचं तुटलेलं मस्तक अलगद धरून ठेवलंय. त्याच्यासोबत फोटो काढायचा तर खाली बसावं लागतं, आपलं डोकं त्याच्यापेक्षा उंच नको म्हणून.

परतीची गाडी उशिरा येणार होती. पाच वाजले, साडेपाच वाजले. स्टेशनवर खाण्यासारखं काही दिसेना. डब्यात दोन दशम्या आणि एक लाडू उरलेला. मैत्रिणीने डबा माझ्यापुढे सरकवला. "तू खा. सूर्य गेला की तुझं दार बंद. मला काय, बँकॉकला गेल्यावर खाईन." फलाटावर उन्हाची तिरीप उरली होती. घाईघाईने मी सगळं संपवलं. दुपारपासून तिच्याही पोटात काही नव्हतं, हे मला माहीत होतं. पण माझं लक्ष उन्हाकडे होतं.

आम्ही रात्री पोहोचलो, तोवर गल्लीतल्या गाड्या आवरल्या होत्या. मी आडवी झाले. साडेदहाला जाग आली तर शेजारची खाट रिकामी. बाहेर येऊन पाहते तो जिन्याच्या पायरीवर अंधारात बसून ही बाई बिस्किटं खात होती. शेजारी आधीच्या रात्रींचे दोन रिकामे पुडे, पिशवीत नीट घडी करून ठेवलेले.

"अगं, रोज?"

"मग काय तुझ्यासमोर चरत बसू? तू डोळे मिटून बसलेली असतेस."

मला काही बोलताच येईना.

त्या रात्री मी खर्चाची वही काढली. सगळा खर्च निम्मा-निम्मा ठरला होता. त्यात चार टॅक्सी केवळ माझ्या सूर्यास्तासाठी होत्या, आणि त्यांचे अर्धे पैसे तिने भरले होते. ते मी माझ्या नावावर लिहिले. पण तीन रात्रींची बिस्किटं आणि अर्धवट सोडलेल्या तीन संध्याकाळी कुठल्या रकान्यात लिहायच्या?

दुसऱ्या दिवशी पहाटे झोप लागेना म्हणून खाली आले. अनवाणी भिक्षू पात्रं घेऊन निघाले होते. मालकीणबाई कोपऱ्यावर गुडघे टेकून बसलेल्या, पुढ्यात वाफाळत्या भाताच्या पुड्या. आपल्याकडे महाराजांसाठी चौका लावतात तेव्हा मीही अशीच चारला उठते. म्हणजे कुणाचं व्रत पार पडतं तेव्हा दुसरं कुणीतरी उठलेलं असतं, हे मला ठाऊक होतं. फक्त ते महाराजांच्या बाबतीत ठाऊक होतं. माझ्या बारा वर्षांत कोण उठलं, हे मी कधी मोजलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी पाचलाच माझं उरकून घेतलं, आणि मग तिला पाहुरातला घेऊन गेले. ही तिथली भारतीय वस्ती, सोनेरी घुमटाच्या गुरुद्वाराजवळ. तिने दोन सामोसे मागवले, वर चहा. पाच दिवसांनी बटाटा! मी समोर पाण्याची बाटली घेऊन बसले. वासाने मन चळलं का? थोडं चळलं. पण नियम मोडला नाही, आणि ती पोटभर जेवली. आम्ही नऊपर्यंत गप्पा मारल्या. परदेशातली आमची ती पहिलीच संध्याकाळ म्हणायची.

आता घरचं. माझी सून शाळेतून साडेचारला येते. पर्स ठेवून लगेच ओट्याशी उभी राहते, कारण सहाच्या आत माझं ताट व्हायला हवं. साडेआठला बाकीच्यांसाठी पुन्हा गॅस पेटतो. तिने कधी तक्रार केली नाही. मैत्रिणीनेही केली नव्हती.

हल्ली माझं संध्याकाळचं मीच करून घेते, आणि येताना सुनेचा चहा ठेवते. रात्री सगळे जेवायला बसले की मीही पाण्याचं भांडं घेऊन टेबलाशी बसते. पूर्वी मी तेव्हा आत असायचे. नातू म्हणाला, "आजी, तू उपाशी आहेस का?" म्हटलं, "नाही रे, माझं जेवण झालंय. आता तुमचं बघतेय."

पुढच्या वर्षी श्रीलंकेचं चाललंय. मैत्रिणीची एकच अट आहे: दशम्या दहा जास्त कर.