झाड जळालं, गोष्ट विझली!

वीकेंडला कुठे जायचं? लोणावळ्याला ट्रॅफिक, अलिबागला गर्दी, गोव्याच्या तिकिटाचे भाव बघवत नाहीत... मग एक हटके डेस्टिनेशन सुचवू? व्हिसा नको, बॉसकडे रजेचा अर्ज नको, बॅगसुद्धा भरायची नाही. जागेचं नाव अ‍ॅझेरॉथ! 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेममधलं हे जग नोव्हेंबर 2004 मध्ये खुलं झालं. 2010 मध्ये इथे महिन्याचे पैसे भरून वावरणाऱ्यांचा आकडा 1 कोटी 20 लाखांवर गेला होता. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्याही साधारण तेवढीच होती, बोला!

मी 2017 पासून तिथली रहिवासी. आमचा ग्रुप युरोपातल्या सर्व्हरवर खेळतो. हिवाळ्यात तिकडचे संध्याकाळचे आठ म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे साडेबारा. सकाळच्या प्रेस कॉन्फरन्सला माझे डोळे असे तारवटलेले का असतात, कळलं?

गेम म्हटलं की लोकांना फक्त मारामारी आठवते. पण इथली खरी मजा आहे ती भटकंतीत. माझं पहिलं कॅरेक्टर नाइट एल्फ. म्हणजे माहेर टेल्ड्रासिल! टेल्ड्रासिल हे एक झाड आहे. पण केवढं? समुद्रातून थेट ढगात गेलेलं आणि शेंड्यावर अख्खा मुलुख वसलेला. तिथलं जंगल कायम जांभळ्या संधिप्रकाशात बुडालेलं. डार्नासस या राजधानीत पाण्यावरचे पूल आहेत, चंद्रदेवीचं मंदिर आहे आणि बँक चक्क अस्वलाच्या आकाराच्या झाडात! काम नसताना नुसतं येऊन बसावं, अशी ती जागा. ऑफिसातून वैतागून आल्यावर मी कित्येकदा तेच केलंय.

थकलेल्या पगाराची गोष्ट

या जगाची जुनी आवृत्ती 'क्लासिक' नावाने ऑगस्ट 2019 मध्ये परत आली. तिथे उडायला पंख नाहीत, सुरुवातीला घोडाही नाही. डार्नाससहून माणसांच्या राजधानीत, स्टॉर्मविंडला जायचं तर ऑबरडीनच्या बंदरातून बोट पकडायची, मेनेथिल हार्बरला उतरायचं, मग मगरींसारख्या जनावरांनी भरलेल्या दलदलीतून जीव मुठीत धरून पळायचं. डोंगर ओलांडून आयर्नफोर्ज आणि तिथून भुयारातली ट्राम. वाटेत दोन-चारदा मरण ठरलेलं. पण पोहोचल्यावर वाटतं, बॉस, आपण खरंच प्रवास केला!

स्टॉर्मविंडच्या शेजारी वेस्टफॉल आहे. वाळलेली शेतं, ओसाड घरं आणि तोंडाला लाल फडकं बांधलेले डेफायस टोळीचे दरोडेखोर. त्यांच्या म्होरक्याला, एडविन व्हॅनक्लीफला मारायचं काम तुमच्यावर येतं. हा माणूस मूळचा गवंडी. युद्धात पडलेलं स्टॉर्मविंड त्याने आणि त्याच्या माणसांनी पुन्हा बांधलं, आणि बिल द्यायची वेळ आली तेव्हा सरदारांनी हात वर केले. त्याला मारल्यावर त्याच्याजवळ एक न पाठवलेलं पत्र सापडतं. पत्र शहराच्या आर्किटेक्टच्या नावाचं. ते घेऊन तुम्ही परत त्याच चकचकीत शहरात येता, त्याच दगडी रस्त्यांवरून चालता... आणि पोटात कसंतरी होतं. इन्व्हॉइस पाठवून महिनोन् महिने वाट बघणाऱ्या माझ्यासारख्या फ्रीलान्सरला तर जास्तच!

बघा, राक्षस नाही, जगबुडी नाही. मजुरी बुडाल्याची साधी गोष्ट, आणि ती त्या मातीतली, त्या रस्त्यावरची. म्हणून ती वीस वर्षांनंतरही लक्षात राहते.

मग काडी पडली

2018 चा उन्हाळा संपता संपता होर्ड या बाजूची प्रमुख सिल्व्हानस विंडरनर हिने टेल्ड्रासिल जाळलं. आधी ते जिंकून ताब्यात घ्यायचा बेत होता. मग समोर मरत पडलेल्या एका नाइट एल्फ सैनिकाशी दोन वाक्यं बोलणं झालं आणि बाईंनी आग लावायचा हुकूम दिला. आम्हाला काम मिळालं जळत्या डार्नाससमधून नऊशेहून जास्त नागरिकांना बाहेर काढायचं. हातात वेळ जेमतेम काही मिनिटांचा. सगळे वाचूच शकत नाहीत, तशीच ती रचना. त्या रात्री ग्रुपच्या व्हॉइस चॅटवर कुणी बोलत नव्हतं. खरं सांगते, गोष्ट म्हणून तो क्षण जबरदस्त होता.

घोळ पुढे झाला. 'का जाळलं?' या प्रश्नाचं उत्तर मिळायला दोन वर्षं लागली. 2020 च्या 'शॅडोलँड्स'मध्ये कळलं की मृत्यूपलीकडच्या जगात 'जेलर' नावाचा एक जण आहे आणि सिल्व्हानस त्याच्यासाठी आत्मे पाठवत होती. एवढंच नाही, तर जुन्या लिच किंगच्या तलवारीचे आणि शिरस्त्राणाचे धागेही त्याच्याकडेच जातात म्हणे! ज्याचं नाव आधी कधी ऐकलं नाही, तो अचानक सगळ्याच्या मुळाशी. टीव्ही सीरियलमध्ये दोनशेव्या भागात जुळा भाऊ उगवतो ना, अगदी तसं. 2022 मध्ये जेलर संपला आणि शिक्षा म्हणून सिल्व्हानसला हरवलेले आत्मे शोधून आणायला पाठवलं. तिच्या मनात नेमकं काय चाललं होतं? त्यासाठी त्याच वर्षी वेगळी कादंबरी आली. म्हणजे पिक्चरचं तिकीट काढा आणि शेवट समजायला पुस्तक विकत घ्या!

आमच्या ग्रुपमधला नाशिकचा दादा तेव्हा म्हणाला होता, "अगं, घर जाळलं ते जाळलं, निदान कारण तरी धड सांगा!" होर्डकडून खेळणाऱ्या मैत्रिणीची तऱ्हा आणखी वेगळी. त्या मोहिमेत तिलाही लढावं लागलं होतं. ती म्हणते, मी सही न केलेल्या कागदावर माझं नाव छापलं.

बाहेरच्यांना हा राग पोरकटपणा वाटतो. 'गेमच आहे ना?' पण सिनेमा फसला तर तीन तास जातात. इथे लोकांनी पंधरा-पंधरा वर्षं काढलीत, मैत्र्या जमवल्यात. त्यांच्यासाठी डार्नासस हा पत्ता होता. जिथे माणसं राहतात ती जागा लेखकाने जरूर पाडावी, पण मग तिथल्या माणसांचं पुढे काय झालं, हे सांगायची जबाबदारीही त्याचीच. ते सोडून गोष्ट विश्वाच्या पसाऱ्यात भटकत बसली आणि बेघर झालेले कोपऱ्यात उभे राहिले. नाइट एल्फना अमिरड्रासिल हे नवं झाड मिळालं नोव्हेंबर 2023 मध्ये आणि त्याखाली बेलअमेथ हे गाव वसलं 2024 च्या सुरुवातीला. पुनर्वसनाला साडेपाच वर्षं! आपल्याकडचे धरणग्रस्त ऐकतील तर म्हणतील, एवढ्यात झालं?

गाव छान आहे. मी जाऊन आले. पण अस्वलाची बँक नाही हो तिथे.

जायचंय?

कसं जाल : विसाव्या लेव्हलपर्यंत फुकट. पुढे महिन्याचं सबस्क्रिप्शन, त्यात 'क्लासिक'ही येतं.

काय बघाल : वेस्टफॉलची शेतं आणि डेडमाइन्स खाणीच्या पोटात लपवलेलं जहाज. आणि जुने खेळाडू असाल तर डार्कशोअरच्या किनाऱ्यावर झिडोर्मीला भेटा. ती वेळ मागे फिरवून देते, मग टेल्ड्रासिल पुन्हा हिरवंगार!

काय टाळाल : कुठल्याही नाइट एल्फला झाड का जळालं, हे विचारणं. रात्रभर ऐकत बसावं लागेल, आणि सकाळी ऑफिस असतं.