खांद्याआधी कंबर

उजवा खांदा आखडला आणि कित्येक महिने शर्टाची बाहीसुद्धा नीट चढेना. दुखणं ओसरल्यावर इथे सोलापुरात, गच्चीवर, ऊन तापायच्या आत गोल्फची स्टिक पुन्हा हातात घेतली. चेंडू नाही. नुसता स्विंग, तोही अगदी संथ.

संथ केला की तो आतून कळतो. स्टिक मागे जाते तसं वजन उजव्या पायावर उतरतं. परतताना डावी टाच घट्ट टेकते, कंबर वळते, मग छाती, खांदे, हात. मनगटं सगळ्यात शेवटी सुटतात. गोल्फपटू बेन होगननं १९५७च्या पुस्तकात परतीची सुरुवात कमरेपासूनच सांगितली आहे. १९४९ मध्ये बसच्या धडकेत त्याचं कमरेचंच हाड मोडलं होतं, आणि १९५० मध्ये तो यूएस ओपन जिंकला. हे कळल्यापासून ते पान मी फार हळू वाचतो.

माझा खांदा अजून वर एका जागी थबकतो. त्यात दुखणं किती आणि भीती किती, उमगत नाही. मी जोर लावत नाही; तिथेच थोडा श्वास घेतो.

संध्याकाळी पार्क मैदानाकडे मुलं बॅट फिरवताना दिसली की नजर चेंडूवर न जाता त्यांच्या कमरेवर जाते. क्रिकेटपटू पॉली उम्रीगर १९२६ साली याच गावात जन्मले. त्यांचा एखादा उंच फटका असा संथ करून पाहायला मिळावा, असं फार वाटतं.