चाकांवरच्या घराचं अर्थिंग

संपादकांनी यात्रेतल्या विजेवर लिहायला सांगितलं आणि आकडे कमी ठेवा म्हणून बजावलं. आकड्यांवाचून ही गोष्ट पुरती कळत नाही, म्हणून थोडे येतील.

लोहा तालुक्यातल्या माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. लोक घोड्यांचा, उंटांचा बाजार बघतात. माझं लक्ष तमाशाच्या ट्रकांवर आणि खाण्याच्या गाड्यांवर असतं. २०२१ मध्ये राज्यानं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा उद्या तशा गाड्याही येतील. या सगळ्यांचं अंग लोखंडी आणि टायर रबरी. आत फेज बॉडीला लागली तरी गाडी गप्प उभी असते. खाली उभा माणूस दांडी धरतो आणि करंट त्याच्यातून जमिनीत उतरतो.

मागच्या यात्रेत एका फडाच्या ढोलकीवाल्याला असाच शॉक बसला. हात दांडीवर, पाय चिखलात. सुदैवानं वाचला. जोडणी करणारा मला म्हणाला, "साहेब, एमसीबी पडला नाही, म्हणजे लाईन बरोबर आहे." ते वाक्य डोक्यातून जात नाही.

एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. त्या ट्रकला अर्थिंग होतं, म्हणजे शेजारी एक सळई ठोकलेली होती. आपली काळी माती पावसाळा सरला की भेगाळते आणि सळईपासून सुटते. लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेपर्यंत, महाशिवरात्रीला, तर पार वाळलेली असते. सळईचा रोध २० ओहम धरा. २३० व्होल्टला त्यातून ११.५ अँपिअर जाणार. ३२ अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि बॉडी जिवंतच राहणार. माणसाला मात्र ३० मिलिअँपिअरच्या पुढे, म्हणजे एका अँपिअरच्या शंभर भागांतल्या तिनाच्या पुढे, जिवाचा धोका सुरू होतो. म्हणून प्रत्येक पॉइंटला गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. तो याच सळईवरही पडेल. सोबत वीजपुरवठ्याच्या पेटीपासून आलेली तिसरी, अर्थिंगची तार हवी.

टेस्टर पेटला की लोक निश्चिंत होतात. टेस्टर फेज आहे एवढंच सांगतो. न्यूट्रल आणि अर्थिंगबद्दल तो मुका असतो. गाडी जोडण्याआधी मल्टिमीटरनं बघा: फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३०, फेज आणि अर्थिंगमध्ये तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-चार व्होल्ट. मग हीटर लावून पुन्हा मोजा, कारण सैल न्यूट्रल लोड आल्यावरच उघडा पडतो. तीन फेजच्या पेटीत तो तुटला आणि एका फेजवर २००० वॅटची शेगडी, दुसऱ्यावर १०० वॅटचा दिवा असला, तर दिव्यावर ३८० व्होल्ट येतात. टीव्ही, फ्रिज असेच जळतात आणि शिव्या डीपीला बसतात.

मला सगळ्यात थकवतो तो आरसीसीबीवरचा राग. जमिनीवरचे जोड ओले होतात, तो पडतो, आणि दुपारपर्यंत कुणीतरी त्याला बायपास करून ठेवतं. लाईट घालवणारं यंत्र म्हणतात त्याला! गळती दाखवणारं यंत्र लोकांना अजून आपलं वाटत नाही, आणि आम्ही वीजवाल्यांनी ते त्यांना नीट सांगितलं का, याची मला खात्री नाही. यंदा माझ्या पेट्यांना कुलूप असेल. ऐन लावणीच्या वेळी किल्ली मागायला लोक येतील. मी किल्ली घेऊन स्वतः जाईन, आणि गळती सापडेपर्यंत त्या पॉइंटची लाईट चालू करणार नाही.